वही घरी का होती

नीलम नगरच्या गाळ्याला आग लागली
मे महिन्यात, रात्री दोन-सव्वादोनला.
मीटरपेटीतून ठिणगी पडली,
असं अग्निशामकवाल्यांनी लिहून दिलं, शिक्क्यासकट.
सहा माग गेले, दोनशे चाळीस डझन टॉवेल,
हैदराबादला जायचे बांधून ठेवलेले गठ्ठे,
आणि मल्लेशमची सायकल.
सायकल विम्यात नव्हती.

पुण्याहून सर्व्हेअर आले, अष्टपुत्रे.
नाकाला रुमाल लावून फिरले,
टेप धरून राख मोजली.
ओल्या जळक्या सुताचा वास
आमच्या अंगाला आठवडाभर होता,
त्यांचा रुमाल पांढराच राहिला.
"माल होता कशावरून?"
आमचे मालक गप्प. त्यांना असल्या वेळी
तेलुगूही सुचत नाही.
मी पिशवीतून वही काढली,
लाल पाठीची, लांब.
साहेबांनी पानं उलटली, मग थांबले.
"सगळं जळालं ना?
मग वही घरी का होती?"

काय सांगू?
की संध्याकाळनंतर मालकांना तीनाचे आठ दिसतात,
की जेवणं झाली की बेरीज मी करते,
खरकटी ताटं तशीच ठेवून.
हा बघा, पान एकोणीस,
हा डाग शेंगाचटणीचा.
लग्नापासून रोज रात्री वही घरी येते,
मी येते तशीच.
मला नाही विचारलंत,
बाई, त्या रात्री तुम्ही घरी का होता?

त्यांनी लिहिलं: खुलासा समाधानकारक नाही.

मग पत्रं.
जळालेल्या बिलांच्या मूळ प्रती जोडा.
मी डब्यात राख भरून नेणार होते,
मालक म्हणाले, नको, हसतील की.
सात रस्त्याच्या ऑफिसात बाकड्यावर बसायची,
पंखा साहेबांकडं तोंड करून फिरायचा.
फाइल पुण्याला गेली. फाइल मुंबईला गेली.
मी अजून मुंबई बघितलेली नाही.
गड्ड्याच्या आधी पैसे येतील, म्हणाले.
गड्डा आला, पाळणे लागले, पाळणे उतरले.

शेवटी लोकपालांपुढं उभं राहिलो.
अख्ख्या वहीची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर,
पानापानावर कंपनीचा शिक्का.
शेवटच्या पानावर भार्गवीनं काढलेला मोर,
त्याच्याही पिसाऱ्यावर शिक्का, परिशिष्ट चौदा.
मला लाजच वाटली.
बाई तिथंच थांबल्या. "कितवीत आहे?"
सहावीत, म्हटलं.
मोराच्या पायाशी तिनं तारीख घातली होती,
शाळेत घालायला लावतात तशी.
दहा मार्च.
बाईंनी तारीख बघितली, मग कंपनीच्या वकिलाकडं बघितलं.
"मोर काय गाळ्यात काढला का पोरीनं?"
वकील कागद चाळत राहिला.

पैसे आले. सगळे नाही.
माग बावीस वर्षांचे, म्हणून घसारा वजा.
जळक्या लोखंडाची किंमत वजा.
आणि पाच टक्के वजा, ते का, मला अजून कळलं नाही.
'पूर्ण आणि अंतिम' लिहिलंय तिथं मालकांनी सही केली,
सहीचा शेवट कागदाबाहेर गेला.

चार माग लागलेत. दोन जागा रिकाम्या आहेत,
झाडताना मी अजून त्यांना वळसा घालून जाते.

मल्लेशमला सायकलचे पैसे आम्ही दिले,
नव्या सायकलचे, घसारा न लावता.
त्यानं पावती लिहून दिली.
ती वहीत आहे.
वही घरी आहे.