नळी, एक नग

कुरखेड्याकडच्या आमच्या पोलीस चौकीत
भरमार बंदुका जमा करायचा दिवस होता.
यादी माझ्याकडे.
मास्तरचं अक्षर बरं, आणि घरी मोठे कोश आहेत,
ही माझी गावातली बदनामी.

सुकरू पोटावीनं आज्याची बंदूक आणली,
धोतरात गुंडाळून, निजलेल्या पोरासारखी.
लिहिलं : भरमार, एक. चाप गंजलेला.
अशा नऊ झाल्या.

दहावा मंगरू नेवारे, गोवारी.
खांद्यावर घोंगडी, हातात पावा.
दवंडीत म्हणे त्यानं ऐकलं,
"नळी असंल ते सारं आना."
जमादार हसता हसता खोकत सुटला.
मला हसू आलं नाही.

आदल्याच रात्री, पोराच्या टिकल्यांच्या पिस्तुलावरून,
मी कोशात पिस्तूल शोधत होतो
आणि बोट सरकत गेलं थेट चेक लोकांच्या मुलखात.
पीश्त्याला.
म्हणजे पावा. शिट्टी. पिपाणी.
गुराख्याच्या ओठाला लागते ती.
सहाशे वर्षांमागे कुठल्याशा लढाईत
तसल्याच दिसणाऱ्या लोखंडी नळीत दारू ठासली गेली,
आणि नवं नाव ठेवायला कुणाला सवड झाली नाही.

कोशकारांचं यावर एकमत नाही, हेही सांगतो.
एक जण इटलीतल्या एका गावाकडे बोट दाखवतो.
शब्दांचे वारस असेच,
धुऱ्यावरून भांडणारे.
पण मला तो 'पी' पटला.
ओठ मिटून वारा सोडला
की कुठल्याही रानात आधी तोच बाहेर पडतो.

मंगरूला हे सारं सांगितलं.
त्यानं एका भरमारीच्या नळीला डोळा लावला,
बराच वेळ.
मग आपल्या पाव्याला.
"हिले भोकं पाडाचं इसरले, गुर्जी.
वारा एकाच वाटनं निंगते.
मंग मारलच ना."

जमादार म्हणाला, वाजव की एखादं.
"ढोरं नाहीत समोर," मंगरू म्हणाला
आणि पावा कमरेला खोचून निघाला.

दहाच्या आकड्यापुढे मी लिहिलं :
नळी, एक नग. बांबूची. भोकं सहा. परत.

सुकरू अजून दारातच उभा होता.
त्याला धोतर हवं होतं.
ते यादीत नव्हतं.