तवसाळच्या धक्क्यावर

फेरीबोटीवरच्या पोराने हात आडवा धरला.
"पेट्रोल ठिबकतंय, मॅडम. खाली इंजिन आहे.
पुढच्या फेरीला या. ती शेवटची."
रॅम्प उचलला, साखळ्या वाजल्या,
आणि मागे उरलो मी, काकाची राजदूत,
पिशवीत सदतीस पिग्मीवाल्यांचे आजचे पैसे
आणि सिमेंटवर पसरत चाललेला मोरपिशी डाग.

पाऊण तास.

कॉक बंद केला. थेंब थांबला.
उघडला. मोजून अकरा, की पुन्हा थेंब
नळीच्या टोकाशी, बालवाडीतल्या नाकासारखा,
लोंबत, पडायला तयार.

कार्बोरेटरच्या वाटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली,
दोनदा हलकेच, तिसऱ्यांदा रागाने.
कधीकधी नीडल अडकलेली असते,
टकटक ऐकून लाजून जागेवर बसते.
आज नाही लाजली.

वाटी उघडली. तळाशी चिमूटभर गंज.
आमच्याकडे हवाच लोखंड खाते,
टाकीलासुद्धा आतून दाढी येते.
ओढणीच्या टोकाने पुसलं, नीडलची सीट फुंकली,
तोंडभर पेट्रोल, थुंकले,
बाकड्यावरची माणसं सभ्यपणे खाडीकडे बघू लागली.
जोडलं सगळं. एक ते अकरा.
थेंब.

"फ्लोट हलव गो कानाशी."
यासीन सोलकर. लॉन्चवरचा ड्रायव्हर,
तीस वर्षं सहा सिलिंडरांशेजारी झोपलेला,
आता एकाच कानाने ऐकणारा.
मी हलवला.
आत इवलंसं काहीतरी म्हणालं, खळ्ळ.
"प्यायलाय तो," यासीन म्हणाला.
"आत भरलं की बुडतो. तो बुडला की दार उघडं.
बाहेर सांडतं, म्हणून तू बाहेर शोधतेस."

कुंदाताईंनी चहाचं आधण वाटग्यात ओतून दिलं,
"त्या स्टोपासून लांब बसा दोघं!"
आत सोडले पितळेचे दोन गोळे.
उजवा गप्प.
डाव्याच्या सांध्यातून माळ निघाली
मोहरीएवढ्या बुडबुड्यांची,
आणि मला उगाच हसू आलं,
इतक्या लहान भोकाने मला अडवलं म्हणून.

एम-सील वाळायला तास लागला असता.
यासीनने मोरीवरून कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणली,
नखाने चिमूट काढून सांध्यात दाबली.
"पेट्रोल सगळं खातं. साबण नाही खात."
"रत्नागिरीपर्यंत टिकेल?"
"जयगडचा चढ चढेल. पुढे मिस्त्रीकडून डाख लावून घे."

त्याचं खातं मीच बंद केलं होतं गेल्या वर्षी,
रोज वीस रुपये, चौदा महिने,
सगळं लॉन्चच्या एका पंख्यात गेलं.
तो त्याबद्दल बोलला नाही, मीही नाही.
शंभराची नोट पुढे केली,
तर त्याने हात धुतले, त्याच साबणाने,
आणि ओल्या हातांनी नको म्हणाला.

शेवटच्या फेरीला पोराने
पावतीपुस्तकातलं कोरं पान गाडीखाली सरकवलं.
शंभरपर्यंत मोजलं आम्ही, तो मोठ्याने, मी मनात.
कोरडं.

खाडीच्या मध्यावर वारा फिरला.
मी वाकून पाहिलं, पानावर एक थेंब.
बोटावर घेतला. वास घेतला, कळेना,
नाकात अजून दुपारचंच पेट्रोल.
मग जिभेला लावला.
खारट.