एक डोळा उशिरा उघडतो

महिनाअखेरीला शाकेन संपतंय.
दर दोन वर्षांनी गाडीनं सरकारपुढे उभं राहून
मी अजून धडधाकट आहे, हे सिद्ध करायचं असतं.
माझ्याकडे असा दाखला कुणी मागत नाही,
साठी आली तरी.

हिरागानं तिला जॅकवर चढवलं
आणि बराच वेळ बोललाच नाही.
आमच्या मात्सुमोतोतले मेकॅनिक
आधी फडक्याला हात पुसतात, मग वाईट बातमी देतात.
"दारांखालचा पत्रा आतून गेलाय, मित्सुए-सान.
रस्त्यावरचं मीठ."
त्यानं स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला,
तो लोण्यात जावा तसा आत गेला.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
गंज कधी बोटावर घेतलेला नसतो.
केशरी असतो, मऊसर,
आणि भाव मात्र सोन्याचाच लावतो.

सव्विसाव्या वर्षी घेतली होती, तीन बोनस साठवून.
बाबा सफरचंदांच्या ट्रकमधून उतरून
तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले,
"दोनच सीट? मग आम्ही बसायचं कुठे?"
मी काही बोलले नाही.
तेच तर उत्तर होतं.

रविवारी नवी चालवून पाहिली.
शोरूममधला कुरोइवा, वय असेल सत्तावीस,
शेजारी गुडघे जुळवून बसला होता, मुलगी बघायला आल्यासारखा.
उत्सुकुशिगाहाराची वळणं,
कडेला अजून थोडा बर्फ.
खोटं कशाला बोलू? चांगली होती.
ब्रेक लावला की थांबायची, विचार करत नव्हती.
छप्पर बटणावर मिटलं.
उतरताना माझा गुडघा कुरकुरला नाही.
फक्त पांढऱ्या रेषेला चाक लागलं की
टुक् टुक् करायची,
परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी.

घरी इसाओला विचारलं.
तो म्हणाला, "गुडघे तुझे, निर्णय तुझा,"
आणि सूपमध्ये नूडल्स बुडवत राहिला.

मी कवळ्या बनवते. चौतीस वर्षं.
झिजलेली कवळी रुमालात बांधून म्हातारी माणसं येतात,
म्हणतात, हुबेहूब हिच्यासारखी करा, फक्त नवी.
नवी मी नेमकी करते, केसभरही फरक नाही.
आठ दिवसांनी परत येतात. टोचते म्हणतात.
मग मी समजावते, आजी,
कवळी बरोबर आहे,
तुमची हिरडीच जुनीच्या मापानं झिजलीय.
हे इतक्यांदा सांगितलं,
आणि काल रात्री पार्किंगमध्ये, चावी हातात घेऊन,
पहिल्यांदा ऐकलं.

दिव्यांचं बटण दाबलं.
उजवा डोळा फटकन उघडला.
डावा...
एक,
दोन,
अडीचला उघडतो तो, झोपमोड झाल्यासारखा.
तेवढ्यात मी सीट पुढे ओढते, चष्मा बदलते,
पायाला क्लच सापडतो.
तो डोळा वेळेवर उघडायला लागला
तर माझाच उशीर होईल.

सकाळी हिरागाला फोन केला.
पत्रा बदल. शाकेन कर. कर वाढीव आहे, माहीत आहे.
"आणि डाव्या दिव्याची मोटर?
आठ हजारांत होईल," तो म्हणाला.
"पास होईल का तशी?"
"होईल. जरा हळू आहे, एवढंच."
"मग राहू दे."

यात शहाणपण आहे असं मी म्हणत नाही.
पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मीठ पडेल,
गुडघाही काही उतरणीला लागलेला चढणार नाही.
कुरोइवाचं कार्ड मी फाडलं नाही.
ग्लोव्ह बॉक्सचं झाकण बरीच वर्षं सैल आहे,
गाडी सुरू झाली की दातांसारखं वाजतं.
कार्डाची चौपदरी घडी केली,
फटीत खुपसली.

आता वाजत नाही.