मिठाची फाइल

आमच्याकडे फाइल शिवावी लागते.
नियमच आहे तसा: पानांना आकडे, दाभणाने तीन भोकं,
दोरा मागून पुढे, गाठीवर कागदाची टिकली, टिकलीवर शिक्का.
आधी मी सुचावाच्या कारखान्यात बुटांचे तळवे शिवायचे.
कारखाना गेला. दाभण तोच आहे.

या खटल्यात मीठ आहे.
बर्फावर टाकायचं, रस्त्याचं मीठ, चार हजार टन.
पैसे दिलेले, पावत्या आलेल्या,
आणि एकाही ट्रकचं चाक
कुठल्याच वजनकाट्यावर चढलेलं नाही.
खंड सातमध्ये घाटातल्या वळणाचे फोटो आहेत, त्या जानेवारीतले.
ते मी पालथे ठेवून शिवले.

स्मारांदाबाई सरकारी वकील. म्हणजे सरकारच्या नव्हे,
हे त्यांना फोनवर दिवसातून दोनदा सांगावं लागे.
पलीकडून एकदा कुणी म्हणालं,
खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
तेच शोधतेय साहेब, बाई म्हणाल्या,
सापडलं की जागेन.

मंगळवारी रात्री अकराला अध्यादेश निघाला,
तीन ओळींचा.
सकाळी त्यांच्या दारावर पाटी नव्हती, चार स्क्रूंची भोकं होती.
खिडकीत जिरेनियमची कुंडी.
तिला पाणी कुणी घालायचं, याबद्दल अध्यादेश गप्प.

नवे साहेब ओविदियु ग्रोझा. नम्र माणूस, ओला कोट स्वतः टांगतो.
म्हणाले, एक्केचाळीसचा दोरा कापा,
काही पानं चुकून लागलीत.
मी म्हटलं, कापते.
फक्त कापल्याचा पंचनामा होतो, दोन साक्षीदार लागतात,
कारणाच्या रकान्यात काय लिहू?
त्यांनी कॉफी ढवळली. साखर घातली नव्हती.
बघू, म्हणाले.
बघू हा शब्द आमच्या इमारतीत फार टिकतो.

मी शूर नाही.
मुलगा नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत,
चौकात लोक जमले तेव्हा मी पडद्याआडून मोजत होते.
पण त्या संध्याकाळी एक्केचाळीसवर
कारखान्यातला मेणाचा दोरा चढवला, दुहेरी,
आणि ती गाठ मारली, तळव्याची,
जी सुटत नाही. कापावी लागते,
आणि कापली की दिसते.

बाहेर बर्फ पडत होता.
रस्त्यावर कुणीच काही टाकलं नव्हतं.
भिंतीला धरून
घरी गेले.