अस्सल, मुहर्रक

टॅक्सीवाला हात पुढे करून म्हणाला, "सीदा."
मला आधी ऐकू आलं, शिधा.
ध्यानीमनी खाणंच, दुसरं काय.
मग कळलं, सरळ जा म्हणतोय.
त्याला फक्त अरबी येत होती
आणि त्या अरबीत आपल्याकडचा एक शब्द
कधीचा भाडं भरून राहत होता.

वहीत लिहून घेतला. खाली रेघ मारली.
एकोणीस देश झाले, ही चौथी वही.
तिबिलिसीच्या तळघरातलं अक्रोडाचं वाटण,
ओआहाकाच्या बाजारातले तिखटमीठ लावलेले नाकतोडे,
हनोईत पहाटे पाचला, फुटपाथवर,
गुडघे छातीशी घेऊन प्यालेला हाडांचा रस्सा.
हॉटेलातलं नको, अस्सल दाखवा,
हे वाक्य मला अकरा भाषांत येतं.
"पाणी" चारच.

गल्ली एवढी अरुंद
की उतरणाऱ्या विमानाचं नुसतं पोट दिसलं.
भिंतींना समुद्रातला दगड,
त्यात एक शिंपला अजून तोंड मिटून.
निळ्या दारात उम्म गानिम.
वय विचारलं तर म्हणाली,
तेल निघालं तेव्हा माझ्या आईचं लग्न व्हायचं होतं.
तिचा नातू दुऐज दुभाषा,
एक डोळा मोबाइलवर.

पातेल्यावरचं झाकण तिनं काढलं.
तांदूळ. मूग. लालसर कांदा.
वर वाळवलेली कोलंबी.

सोडे!
रेवदंड्याला माईमावशी अंगणात घालायची,
हातात काठी, कावळ्यांना शिव्या.
म्हणजे एवढं जग पालथं घालून
मी मुगाच्या खिचडीपुढे मांडी घालून बसले होते.

"मुमव्वश," उम्म गानिम म्हणाली.
लिहिलं.
रेघ मारावी की नाही, कळेना.

"हे अस्सल इथलंच ना?"
दुऐजनं विचारलं तिला. ती बोटं मोडत सांगू लागली.
तांदूळ तुमच्याकडचा.
मुगाचं दुकानदाराला विचार.
काळं लिंबू ओमानचं.
कोलंबी नवरा आणायचा, आता पाकिटातून येते.
याला काय म्हणता तुम्ही? तिनं भिंतीवरचा तवा दाखवला.
तवा, मी म्हटलं.
मग झालं तर, असा काहीतरी तिचा चेहरा.

घास घेतला. चांगला होता.
खरं सांगते, किंचित अळणी.
मी काही बोलले नाही, पण वाढणाऱ्या बाईला दिसतंच ते.
तिनं माझ्या पर्सकडे बोट केलं,
जिच्यावर माझा हात नकळत गेला होता.

ती डबी मी कुणाला दाखवत नाही.
देश कुठलाही असो, रात्री दाराला कडी घालून
साधा भात मागवते
आणि दिवसभराच्या अस्सलावर
दोन चिमट्या मेतकूट.

तिनं डबी उघडली, हुंगली.
"बजार!" म्हणाली. तिच्याकडच्या मसाल्याचं नाव.
बजार नव्हे, मेतकूट.
ट काही तिच्या टाळूला लागेना.
मेतकूत, मेतकूत, म्हणत
न विचारता अर्धी डबी पातेल्यात उलटी केली
आणि डावानं खालून वर ढवळलं.

तेवढ्यात दारात दोघं आले,
उन्हानं लालबुंद, गळ्यात कॅमेरा, क्राकुवहून.
त्या बाईनं अरबीत अडखळत एक वाक्य म्हटलं.
मी ते लगेच ओळखलं.
अकरांपैकी एक.

उम्म गानिमनं त्यांना ताटं वाढली.
बाईनं डोळे मिटून वास घेतला.
हा कसला? कुठला?
"जुना," उम्म गानिम पापणी न लवता म्हणाली.
"माझ्या सासूचा."

दुऐजनं मोबाइलवरून नजर उचलली,
माझ्याकडे पाहिलं.
मी ताटात पाहिलं.
बाईनं वही काढली, लिहिलं,
खाली रेघ मारली, दोनदा.

वरून आणखी एक विमान गेलं.
ताटं थरथरून थांबली.
मी पुन्हा भात वाढून घेतला.