चाडची प्रतिनिधी

चिठ्ठ्या मीच केल्या, वहीच्या मधल्या पानांच्या,
मीच घड्या घातल्या, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात
सबंध जग हलवलं.
सातवी 'ब'. पुढच्या शनिवारी परिषद.
विषय: समुद्रातील मासेमारी.

गौरेशला जपान आला. त्याने उडीच मारली.
रॉयस्टनला नॉर्वे; नकाशात वर वर शोधत
तो शेवटी बाकावर चढला.
मेथरांच्या लतिषाने चिठ्ठी उलगडली,
वाचली, परत घडी घातली.
चाड.

"बाई, हिला चाड आली!"
"आता तरी येऊ दे!"
मीही हसले, खोटं कशाला सांगू.
ती नकाशापाशी गेली, देशाच्या कडेकडेने बोट फिरवलं,
सगळीकडे जमीनच लागली.
"बाई, ह्येका दर्याच नाय."

मी जतची. आमचं पाणी टँकरने यायचं.
समुद्र पाहिला चोविसाव्या वर्षी,
नेमणुकीचा कागद हातात, सर्जेकोटच्या जेटीवर,
आणि पहिलं मनात आलं: एवढं, आणि पिता येत नाही.
तिला म्हटलं, ज्यांच्याकडे नसतो त्यांचंही मत असतं.
वाक्य मलाच आवडलं. तिला नाही.

आठवडाभर शाळेचा एकुलता ॲटलास तिच्या घरी.
परत आला तेव्हा आफ्रिकेच्या पानाला
सुक्या बांगड्याचा वास.

परिषदेला पुठ्ठ्याच्या पाट्या, खडूने रंगवलेले झेंडे,
शिपायाची घंटा माझ्या हातात.
जपान बोलला: मोठ्या बोटी, मोठी जाळी,
पाण्यावर प्रखर दिवे, यालाच प्रगती म्हणतात.
चांगलं बोलला. रोज जेवताना ऐकलेलं
माणूस चांगलंच बोलतो.
खिडकीतून बंदरात त्याच्या पप्पांची बोट दिसत होती,
दिव्यांवर ताडपत्री.

मग चाड.
"आमच्याकडे समुद्र नाही. एक तळं होतं.
ते मागे सरकत गेलं,
माझ्या देशातली माणसं होड्या ओढत
पाण्यामागून चालत गेली."
इथवर लिहिलेलं होतं. कागद खाली आला.
"आनि तुमी रात्री लायटी मारून सगळा उचलून नेतास.
पन्नास माणसा दोन तास रापण वढतत,
आनि वाट्याक काय येता? शेवाळ!"

नॉर्वे उभा राहिला. हरकतीचा मुद्दा.
नियमांचा कागद एकट्या त्यानेच पाठ केला होता.
"अध्यक्ष महोदया, चाडला समुद्र नाही."

खाली कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं,
तेवढाच आवाज.
जपान पेनाचं टोपण चावत बाकाकडे बघत राहिला.
नियमाने नॉर्वे बरोबर होता.
मी घंटा वाजवली.
"हरकत मान्य," म्हणाले,
आवाज जतचा निघाला, कोरडा.

ती बसली. मतदानाला हात वर नाही,
बाजूने नाही, विरुद्ध नाही.
ठराव दोन मतांनी पडला, मग भजी आली.
फोटोत सगळे देश हसलेत,
चाडच्या तोंडात घास आहे.

पंचायत समितीला अहवाल गेला:
उपक्रम यशस्वी. एक सदस्य तटस्थ.
कपाट लावताना चिठ्ठ्या डब्यात परत भरल्या, मोजल्या.
एक कमी. विचारलं नाही.

गौरेश मात्र सोमवारी टेबलापाशी घुटमळला,
"बाई, पुढच्या खेपेक माका जपान नको."
"का रे?"
"असाच."

रात्री माझ्या खोलीतून समुद्रावर दिवे दिसतात,
एका रांगेत, पांढरेशुभ्र.
पहिल्या वर्षी आईला फोनवर मी सांगितलं होतं,
इथे पाण्यापलीकडे एक गाव आहे, मोठं असावं,
रात्रभर जागं असतं.
आई म्हणाली, मग बरं, सोबत आहे तुला.