दोन बोटं फट

ब्लेअरगाउरीच्या बाहेर, ओढ्यापलीकडच्या शेडमध्ये
एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी बरण्या येतात.
एकेका बरणीत वीस रोपं रासबेरीची,
जुळ्यांहून जुळी.
एकही पावसाळा न पाहिलेली.
उन्हाळा तर इथे आम्हीही फारसा पाहत नाही.

झाकण उघडलं की गोडसर, शिळा वास येतो
साखर घातलेल्या समुद्रशेवाळाच्या खळीचा.
इथवर सगळं आयतं मिळालंय यांना:
साखर, सोळा तास दिवा,
आणि हवा इतकी ओली
की तहान शिकायची वेळच आली नाही.

कोमट पाण्यात मी मुळं धुते.
खळीचा कण राहिला तरी बुरशी तिथे पंगत मांडते.
मुळं म्हणजे तरी काय, कच्चा पांढरा दोरा,
बोटाला चिकटला तर तुटणारा.
पानांवर मेण नाही.
पानांच्या पोटाशी हजारो तोंडं, सगळी उघडी;
मिटायचीही असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
तशीच बाहेर ठेवली तर चहा होईपर्यंत
आपलंच पाणी आपल्याच तोंडांनी सांडून
माना टाकतील.

म्हणून पहिले तीन दिवस ट्रेवर झाकण गच्च.
आत धुकं.
चौथ्या दिवशी दोन बोटं फट.
बोटं इश्बेलची. माझी बारीक पडतात.
वहीतही तसंच लिहिलंय: दोन बोटं, इ.ची.
सहाव्या दिवशी चार.
दहाव्या दिवशी दुपारपुरतं झाकण बाजूला,
आणि आम्ही दोघी उगाच तिथेच घुटमळत.

इश्बेल विचारते, तूही अशीच आलीस ना, बरणीतून?
मी म्हणते, छे, मला जतहून उचललं
आणि थेट फेब्रुवारीत आणून सोडलं.
फट वगैरे काही नव्हतं.
ती हसते. मला मात्र ती तुलना आवडत नाही.
रोपाला रोप राहू द्यावं,
आपल्या बॅगा त्याला कशाला उचलायला लावायच्या.

आई फोनवर विचारते, नेमकं करतेस काय तिथे?
रोपांना ऊन दाखवते, म्हटलं.
एवढ्यात तिला सगळं कळलं.
कोवळंच दाखव, म्हणाली, अकराच्या आतलं,
आणि वर एखादं विरलेलं धोतर धर.
इथे त्याला चाळीस टक्के सावलीची जाळी म्हणतात.
मी जाळी ताणून बांधली. धोतरच ते.

तेवीस तारखेच्या रात्री डोंगरावरून वारा उतरला.
सकाळी सात नंबरचं झाकण ओढ्याकाठी पालथं,
आणि दोनशे चाळीसांतली एकसष्ट
मातीला गाल लावून निजलेली.
इश्बेल काही बोलली नाही.
वहीत ६१ लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली,
आणि मऊ कुंचा घेऊन
उरलेल्यांच्या शेंड्यांवरून फिरवत गेली,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, दहा वेळा.
अशानं देठ जाड होतो म्हणे.
मी मेलेली उपटून बादलीत टाकली. बादली हलकीच राहिली.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
बरणीत वाढलेलं पान शेवटपर्यंत शिकत नाही.
आपण फट ठेवतो, जाळी धरतो, कुंचा फिरवतो,
ते तसंच उघड्या तोंडानं राहतं,
जमेल तितके दिवस रोपाला खाऊ घालतं,
आणि पिवळं होऊन गळतं.
मेण धरतं ते त्याच्यानंतर फुटलेलं पान.

हे मी इश्बेलला सांगितलं तेव्हा
तिनं काही विचारलं नाही.

आज सात नंबरमध्ये एका रोपावर
नवं, नखाएवढं, चुरगळलेलं पान दिसलं.
मी बोट ओलं करून त्यावर झटकलं.
थेंब पसरला नाही.
अळवावर असावा तसा गोल बसला,
मग घरंगळला.

बाहेर पाच अंश. इश्बेल हाक मारतेय,
आठ नंबरचं झाकण काढायचंय.